जॉब गार होऊ दे

भांडुपला, एलबीएस रोडवर, झेरॉक्सवाल्याच्या वर
आमचं सब-ब्रोकरचं ऑफिस: दोन टर्मिनल, एक पंखा,
भिंतीवर लक्ष्मी आणि सेबीचं सर्टिफिकेट.
गुरुवारी मोंडकर येत.
समोरच्याच गिअर कंपनीत टूलरूमला एकतीस वर्षं,
खिशात पेन असावं तसा व्हर्निअर.

पेपरातल्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले,
'चेडवा, हे सहा कसले गो?
रुपये? टक्के? इंच?'

पी/ई, मी म्हटलं. भाव भागिले कमाई.
तीनशे बहात्तर भागिले बासष्ट.
एकक नसतं त्याला.

'बिनएककाचं माप मी कधी घेतलं नाही.'
कॉन्ट्रॅक्ट नोटच्या पाठीवर शिसपेन्सिलीने
वर लिहिले रुपये,
खाली रुपये, दर वर्षाला.
रुपयाने रुपया उडवला
आणि उरलं ते माझ्यापुढे सरकवलं:
वर्षं.
सहा वर्षं.
बी. कॉम. झाले मी, परीक्षाही दिल्या वरच्या,
कुणी असं खोडून दाखवलं नव्हतं.

स्वस्त आहे, काका.
पंपवाली बावीसला, बेअरिंगवाली चाळीसला.
(सकाळपासून अकरा जणांना हेच सांगितलं होतं.)

ते खिडकीतून शेडकडे बघत राहिले.
तिन्ही पाळ्या चालू,
भट्टी गणपतीतसुद्धा विझली नव्हती,
ट्रकवाले गेटबाहेरच स्टोव्ह पेटवून जेवत.
'बासष्ट कधीचे?'
गेल्या वर्षीचे.
'म्हणजे गरम जॉब.'

लेथवरून उतरलेल्या तुकड्याला लगेच व्हर्निअर लावू नये.
तापलेलं लोखंड फुगतं.
नवा पोरगा जास्तीचं माप बघून आणखी छिलतो
आणि सकाळी तो तुकडा
रिजेक्टच्या ट्रेमध्ये, गार, चार सूत कमी.
'छेद फुगलाय तुझा,' म्हणाले,
'म्हणून भागाकार बारीक दिसतो.'

मग ते साल सांगितलं,
मशिनांना ग्रीस फासून प्लास्टिक गुंडाळलेलं,
कॅन्टीनला चहा अर्धा कप.
कमाई तीन रुपये, भाव एकशे बत्तीस.
चव्वेचाळीस! महाग, हात लावू नका, म्हणाले सगळे.
यांनी सोसायटीचं कर्ज काढून पाचशे घेतले.
का, विचारलं तर:
'थंड होतं ना.'

दहा वर्षांची सरासरी काढ, एवढं सांगून उठले.
माझे दोनशे होते त्यात, तीनशे बहात्तरचे.
ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे भाव उतरत गेला
आणि पी/ई चढत: नऊ, सतरा, एकतीस.
शेवटी आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ.
शून्याने भागता येत नाही, शाळेत शिकलो.
तोट्याने येतं,
पण छापत नाहीत.
रात्री आई विचारायची, भागतंय ना गं?
त्या शब्दासरशी
डोळ्यांपुढे तीच रेघ यायची, वर तीनशे बहात्तर.

परवा अचानक: दोन.
शेडची जमीन बिल्डरला गेली.
कमाई नव्वद, भाव एकशे ऐंशी,
आणि अकरातले चौघे फोनवर: घेऊ का?

मोंडकर आले. जिना आता थांबत थांबत चढतात.
आकडा बघून म्हणाले,
'ह्यात गिअर किती?'
नफातोट्याच्या पत्रकात बराच वेळ शोधलं.
चार.
चार रुपये गिअरचे.
पेन्सिल मागितली नाही त्यांनी.
'पंचेचाळीस,' तोंडीच.

समोर पत्रे उतरवत होते,
एकेक, आवाज न करता, दोरीने.
त्यांनी व्हर्निअर काढला,
जबडे उघडले, मिटले,
शून्यावर शून्य बसतंय का तेवढं पाहिलं
आणि खिशात ठेवून दिला.

फोन पुन्हा वाजत होता.